फोन आपला, किल्ली कुणाची?

दुकानातून आपण कुलूप विकत आणतो तेव्हा दुकानदार त्याच्याबरोबर दोन-तीन किल्ल्या देतो. त्यातली एकही तो स्वतःकडे ठेवून घेत नाही. ठेवायला लागला, तर आपण ते कुलूप तिथंच ठेवून दुसऱ्या दुकानात जाऊ. मोबाइल फोनच्या बाबतीत मात्र जगातल्या कोट्यवधी शहाण्यासुरत्या माणसांनी वर्षानुवर्षं नेमका हाच व्यवहार मुकाट्यानं केला. पैसे मोजून फोन घेतला, खिशात घातला, आणि त्याची किल्ली मोबाइल कंपनीकडे राहू दिली. आज मी त्या किल्लीविषयी बोलणार आहे. तिच्यावरून देशोदेशी कोर्टकचेऱ्या झाल्या, कायदे झाले, एक कायदा दुसऱ्याच्या आड आला. त्या भांडणात आपल्यासारख्या साध्या गिऱ्हाइकाच्या कामाचं बरंच काही आहे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या फोनला कुठं कुलूप आहे? आम्ही एक सिम काढतो, दुसरं घालतो, फोन चालतो. खरं आहे. आपल्याकडे बहुतेक लोक फोन एका दुकानातून घेतात आणि सिम दुसऱ्याकडून. अमेरिकेत, युरोपात आणि जपानात तशी रीत नव्हती. तिथं फोन मोबाइल कंपनीच्याच दुकानातून घ्यायचा, त्याच कंपनीशी दोन वर्षांचा करार करायचा, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं की तो फोन हात वर करायचा. यालाच सिम-लॉक म्हणतात. आपल्या बाजारातले दुकानदार त्याला ‘कंपनी लॉक’ किंवा ‘कंट्री लॉक’ म्हणतात.

हे कुलूप काम कसं करतं, ते समजून घेऊ. प्रत्येक सिमकार्डात एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. आपण लोकांना देतो तो दहा आकडी नंबर वेगळा, हा आतला क्रमांक वेगळा. त्यातले पहिले तीन अंक देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५, फ्रान्सचे २०८, जर्मनीचे २६२. पुढचे दोन किंवा तीन अंक कंपनीचे. कुलूपबंद फोन चालू होताना हे सुरुवातीचे अंक वाचतो. ठरवून दिलेल्या कंपनीचे असले, तर आत घेतो, नाहीतर दार लावून घेतो. यंत्रात तसा कसलाही दोष नसतो. परक्या कंपनीच्या लहरी पकडण्याची ताकद त्याच्यात असतेच. फक्त पकडू नकोस, अशी त्याला आज्ञा दिलेली असते. ती आज्ञा रद्द करणारा आकडा म्हणजे किल्ली. जुन्या फोनांत हा आकडा कळफलकावरून टाकावा लागे, आणि ठरावीक वेळा चुकला की फोन कायमचा हटून बसे. आयफोनसारख्या फोनांत आकडाही नसतो. कोणता फोन मोकळा आणि कोणता बांधलेला, याची नोंद बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकावर असते आणि ती तिथंच बदलावी लागते.

मी कवी माणूस, त्यामुळे कुठल्याही भांडणात शिरलो की आधी शब्दांकडे बघतो. कुलूप, करार, कायदा, हक्क, मालक, मक्ता. या विषयातले निम्मे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं मराठीत आले आणि इथं इतके मुरले, की त्यांना परकं म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. मला आज त्यातला ‘मक्ता’ हा शब्द फार उपयोगी पडणार आहे. गावच्या बाजाराचा मक्ता, तळ्यातल्या मासळीचा मक्ता, जकातीचा मक्ता आपल्याला माहीत असतो. एकानं ठरावीक रक्कम भरायची आणि त्या मुदतीत तिथं दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. फोन बनवणारी कंपनी एखाद्या देशात एकाच मोबाइल कंपनीला ‘आमचा फोन फक्त तुम्हीच विका’ असं लिहून देते, तो या जातीचाच मक्ता.

कुलूप आणि मक्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा. मक्ता सांगतो की फोन विकायचा कुणी. कुलूप सांगतं की तो वापरायचा कुठं. दोन्ही एकत्र आले की भांडण सुरू होतं.

कुलपाच्या बाजूनं कंपन्या जे सांगतात, ते आधी प्रामाणिकपणे ऐकायला हवं. त्या म्हणतात, आम्ही महागडा फोन गिऱ्हाइकाला निम्म्या किमतीत किंवा फुकट देतो आणि उरलेले पैसे दोन वर्षांच्या बिलांतून वसूल करतो. गिऱ्हाईक फोन घेऊन दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कंपनीकडे गेलं, तर आमचे पैसे बुडाले. अमेरिकेत ट्रॅकफोन ही कंपनी स्वस्तातले प्रीपेड फोन विकायची. दलाल लोक ते दुकानांतून ढिगानं उचलायचे, कुलूप काढायचे आणि परदेशात जास्त दरानं विकायचे. या दलालांविरुद्ध ती कंपनी कोर्टात गेली. तिचं म्हणणं होतं की अशानं गरिबाला मिळणारा स्वस्त फोनच बंद होईल. या म्हणण्यात तथ्य आहे. उधारीवर दिलेल्या वस्तूवर उधारी फिटेपर्यंत देणाऱ्याचा काही हक्क राहावा, हे आपल्या किराणा दुकानदारालाही पटेल.

आता प्रश्न असा, की उधारी नसेल तर? किंवा फिटली असेल तर?

इथं आयफोनची गोष्ट येते. ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत आयफोन जगाला दाखवला आणि २९ जूनला तो अमेरिकेत विक्रीला आला. विकायचा मक्ता एटी अँड टी या एका कंपनीकडे. किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. ही किंमत कंपनीनं काही सूट देऊन कमी केलेली नव्हती. गिऱ्हाईक पूर्ण पैसे मोजत होतं, वर दोन वर्षांचा करारही करत होतं, आणि तरीही फोन कुलूपबंद होता. उधारी नसताना कुलूप कशाला? कारण गिऱ्हाइकाच्या दरमहा बिलातला काही वाटा मोबाइल कंपनी अ‍ॅपलला देत होती. फोन एटी अँड टीच्या जाळ्यातून सुटला की अ‍ॅपलचा वाटा बुडाला. म्हणजे हे कुलूप वसुलीसाठी लावलेलं नव्हतं, ते मक्त्याच्या राखणीसाठी होतं.

लोकांना हे पटलं नाही. दोनच महिन्यांत, २००७ च्या ऑगस्टमध्ये, न्यू जर्सीतल्या जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलानं ते कुलूप उघडून दाखवलं. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपलच्या टिम कुक यांनी सांगितलं, की विकल्या गेलेल्या १४ लाख आयफोनांपैकी सुमारे अडीच लाख फोन लोकांनी कुलूप काढण्याच्या इराद्यानंच नेले असावेत. त्याआधी सप्टेंबरच्या अखेरीस अ‍ॅपलनं नवं सॉफ्टवेअर आणलं, आणि कुलूप काढलेले कितीतरी फोन ते घालताच निर्जीव झाले. पुढे फोन रोखीनं विकणं बंद झालं आणि एका माणसाला दोनच फोन देण्याचा नियम आला.

तो मक्ता चालला २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत. तेव्हा व्हेरायझन या दुसऱ्या कंपनीकडे आयफोन आला. कराराची दोन वर्षं पूर्ण केलेल्या, एक पैसाही देणं नसलेल्या गिऱ्हाइकाला आयफोनची किल्ली द्यायला मात्र एटी अँड टीनं २०१२ च्या एप्रिलमध्ये सुरुवात केली. कर्ज फिटलं, तरी गहाणखत सावकाराच्या पेटीत, हा प्रकार आपल्या शेतकऱ्याला नवा नाही.

हाच फोन नोव्हेंबर २००७ मध्ये युरोपात पोचला. तिथं ग्राहकाच्या बाजूचे कायदे होते, आणि मक्त्याची गाठ त्या कायद्यांशी पडली. तीन देशांत तीन वेगवेगळे निकाल लागले.

जर्मनीत मक्ता टी-मोबाइलकडे होता. फोन ३९९ युरोला आणि त्यावर दरमहा किमान ४९ युरोचा दोन वर्षांचा करार. सगळे मिळून झाले १५७५ युरो. व्होडाफोन ही प्रतिस्पर्धी कंपनी हॅम्बुर्गच्या न्यायालयात गेली आणि तिनं तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. कुलूप लावून आणि कराराची सक्ती करून फोन विकता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. टी-मोबाइलनं हुकूम पाळला. कराराशिवाय, बिनकुलपाचा आयफोन दुकानात ठेवला. किंमत लावली ९९९ युरो! ४ डिसेंबर २००७ रोजी न्यायालयानं मनाई उठवली आणि कुलूप परत आलं. जर्मनीत मोकळ्या आयफोनचं आयुष्य ठरलं जेमतेम दोन आठवड्यांचं.

फ्रान्समध्ये कायदा जास्त स्पष्ट होता. एक वस्तू घ्यायची असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी जोडविक्री तिथं चालत नव्हती. शिवाय सहा महिन्यांनंतर गिऱ्हाइकानं मागितली की फोनची किल्ली फुकट द्यायची, असा नियम होता. मक्तेदार होती ऑरेंज. कायद्याचा मान राखायचा म्हणून तिनं कराराशिवायही फोन विकला. करारासह ३९९ युरो, कराराशिवाय ६४९ युरो, आणि सहा महिन्यांच्या आत किल्ली हवी असेल तर वर १०० युरो. म्हणजे मोकळा फोन ७४९ युरोला. कायद्यानं दार उघडायला सांगितलं होतं. ऑरेंजनं ते उघडलं आणि उंबरठ्यावर तिकीटखिडकी बसवली. कायद्याचं अक्षर पाळलं गेलं. पण फोनसाठी दुप्पट पैसे मोजणारे किती निघणार?

फ्रान्सचा खरा धडा पुढे आहे. बुईग टेलिकॉम ही तिथली आणखी एक मोबाइल कंपनी. ती कुलपाच्या वाटेला गेलीच नाही, तिनं थेट मक्त्याविरुद्ध स्पर्धा परिषदेकडे तक्रार केली. १७ डिसेंबर २००८ रोजी परिषदेनं पाच वर्षांपर्यंत चालू शकणारा तो मक्ता स्थगित केला. पॅरिसच्या अपील न्यायालयानं फेब्रुवारी २००९ मध्ये हा आदेश कायम ठेवला, आणि त्या वर्षीच्या वसंतात दुसऱ्या कंपन्यांनी आयफोन विकायला सुरुवात केली. म्हणजे किल्लीच्या कायद्यानं जे वर्षभरात साधलं नाही, ते मक्ता मोडताच काही महिन्यांत साधलं. कुलूप आणि मक्ता वेगळे आहेत असं मी मघाशी म्हटलं, ते यासाठीच.

बेल्जियमनं सगळ्यात कडक भूमिका घेतली होती. तिथं जोडविक्रीवर सरसकट बंदी होती. त्यामुळे जुलै २००८ मध्ये आयफोन थ्री-जी तिथं आला, तो कुलपाशिवाय. किंमत ५२५ आणि ६१५ युरो. त्याच वेळी अमेरिकेत तो १९९ डॉलरला मिळत होता. बेल्जियमच्या लोकांना वाटलं, आपल्या कायद्यानं आपल्यालाच खड्ड्यात घातलं.

ही तुलना फसवी होती, कारण १९९ डॉलर ही फोनची किंमतच नव्हती. अमेरिकेत हा फोन २०० डॉलरनं स्वस्त झाला, तेव्हाच महिन्याचं किमान बिल सुमारे ६० डॉलरवरून सुमारे ७० वर गेलं. महिन्याला दहा, म्हणजे दोन वर्षांत २४० डॉलर. दोनशेची सूट दिली आणि दोनशे चाळीस काढून घेतले. पूर्वी बिलात येणारे एसएमएसही आता वेगळे विकत घ्यायचे. बेल्जियमच्या गिऱ्हाइकाला किंमत एकदम दिसली म्हणून ती मोठी वाटली. अमेरिकन गिऱ्हाइकाला ती चोवीस तुकड्यांत दिसली म्हणून लहान वाटली. पुढे २३ एप्रिल २००९ रोजी युरोपीय न्यायालयानं बेल्जियमची सरसकट बंदी युरोपीय नियमांशी विसंगत ठरवली. ज्या खटल्यातून हे ठरलं, तो फोनचा नव्हताच. पेट्रोल भरणाऱ्याला एक कंपनी तीन आठवडे रस्त्यात मदतीची सेवा फुकट देत होती, त्यावरून तो निघाला होता. कायद्याच्या वाटा अशा वाकड्या असतात.

आता मी ज्या भागाकडे येतोय, तो माझ्या स्वतःच्या धंद्याला लागून आहे. माझ्या कवितासंग्रहाच्या सुरुवातीच्या पानावर बारीक अक्षरात ‘सर्व हक्क कवीकडे’ असं छापलेलं असतं. कवीला त्यातून फार काही मिळतं असं नाही, पण आपल्या शब्दांवर आपली मालकी आहे, एवढं समाधान असतं. अमेरिकेनं १९९८ मध्ये या हक्कासाठी एक कायदा केला, डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट. गाणी, चित्रपट, पुस्तकं संगणकावर आली होती, त्यांच्या चोऱ्या होत होत्या. म्हणून कायद्यानं सांगितलं, की कलाकृतीच्या रक्षणासाठी लावलेलं डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा. मोबाइल कंपन्यांनी त्यातून वाट काढली. फोनमध्ये सॉफ्टवेअर असतं, सॉफ्टवेअरला कॉपीराइट असतो, म्हणून फोनचं कुलूप तोडणं म्हणजे कॉपीराइटचं कुलूप तोडणं! गायकाच्या आणि लेखकाच्या नावानं उभारलेल्या तटबंदीच्या आड मोबाइलच्या बिलांची वसुली जाऊन बसली.

या कायद्यात एक खिडकी होती. दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय, काही गोष्टींना सूट देऊ शकतं. फोनचं कुलूप काढायला चालेल की नाही, हे एका ग्रंथपालानं ठरवायचं! २००६ मध्ये ही सूट मिळाली, २०१० मध्ये पुन्हा मिळाली. २०१२ मध्ये मात्र ग्रंथालयानं हात आखडता घेतला. एक कारण असं दिलं, की बाजारात बिनकुलपाचे फोन मिळतात, ते घ्या. दुसरं कारण जास्त खोल होतं. फोन तुम्ही विकत घेतला असेल, पण त्यातलं सॉफ्टवेअर तुमच्या मालकीचं आहेच असं नाही. ते वापरायची तुम्हाला फक्त परवानगी असू शकते. २६ जानेवारी २०१३ पासून नवा घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीशिवाय अनलॉक करणं अमेरिकेत बेकायदा झालं. धंदा म्हणून हे काम करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी पाच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद त्या कायद्यात आहे.

या घडामोडीची झळ चिपळूणपर्यंत आली, हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. माझा भाचा न्यू जर्सीत नोकरीला. २०१३ च्या उन्हाळ्यात त्यानं आपल्या आईसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीसाठी, एका ओळखीच्या माणसाबरोबर फोन पाठवला. दिसायला देखणा, हातात धरायला गुळगुळीत. आपाचं सिम घातलं, तर पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि फोन गप्प. आम्ही तो बाजारातल्या दुरुस्तीवाल्या मुलाकडे नेला. त्यानं बघताक्षणीच सांगितलं, ‘‘काका, कंट्री लॉक आहे. कोड तिकडून मागवा.’’ भाच्यानं तिकडच्या कंपनीला फोन केला. उत्तर आलं, करार संपल्याशिवाय नाही. आपाला दोन देशांचे कायदे काय समजावणार! तिनं एकच विचारलं, ‘‘पैसे माझ्या लेकानं भरले ना? मग मधे हा कोण?’’ पुढचं वर्षभर तो फोन घरात पहाटेच्या गजराला लावायचो. करार संपल्यावर किल्ली मिळाली, तोवर तिनं गावातल्या दुकानातून साधा फोन घेतला होता.

आपाचा हा प्रश्न त्या वेळी अमेरिकेतही लोक विचारत होते. व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरच्या एका अर्जावर १ लाख १४ हजारांहून अधिक सह्या झाल्या. ४ मार्च २०१३ रोजी सरकारनं उत्तर दिलं, की तुमचं म्हणणं आम्हाला मान्य आहे. डिसेंबर २०१३ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी, करार पूर्ण झालेल्या गिऱ्हाइकाला मागितल्यावर किल्ली देऊ, असं आपखुशीनं कबूल केलं. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी एकमतानं विधेयक संमत केलं आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी त्यावर सही केली. सूट परत आली. मात्र हा कायदा एवढंच म्हणतो, की तुम्ही कुलूप काढलं तर कॉपीराइटचा गुन्हा नाही. कंपनीनं किल्ली दिलीच पाहिजे, असं तो म्हणत नाही. आणि मोबाइल कंपनीशी केलेल्या करारातली बंधनं तर जिथल्या तिथंच राहतात.

आपल्या देशात काय घडलं? आमच्या लहानपणी टेलिफोन खात्याचा काळा, जड फोन ज्याच्या घरी असे, त्याच्या घराला मान असे. तो फोन खात्याचाच होता, आपण फक्त भाडं भरायचो, आणि तो आपला आहे असं कुणी म्हणतही नसे. मोबाइल आल्यावर फोन आपला झाला. तरी कुलूप आपल्या वाट्याला आलंच नाही, असं मानू नका. २००३ च्या ‘मान्सून हंगामा’ योजनेत रिलायन्सनं ५०१ रुपये भरून फोन हातात दिला. रिक्षावाले, भाजीवाले, गवंडी यांच्या हातात पहिला फोन आला, तो अशाच योजनांतून. हे मोठं काम होतं. पण तो सीडीएमए तंत्राचा फोन. दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात घालून चालवायची सोय नव्हती. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनची तऱ्हाही तशीच. दीड हजार रुपये अनामत, आणि फोनमध्ये फक्त जिओचं सिम चालणार. तिथं निदान अनामत परत मिळण्याचं वचन होतं आणि फोन स्वस्त होता. २२ ऑगस्ट २००८ रोजी भारतात आलेल्या आयफोन थ्री-जीला तेही समर्थन नव्हतं. एअरटेल आणि व्होडाफोन या दोनच कंपन्या तो विकत होत्या. किंमत ३१ हजार आणि ३६,१०० रुपये, म्हणजे अमेरिकेतल्या पाटीवरच्या किमतीच्या साडेतीन पट. सूट नाही, उधारी नाही, तरीही फोन विकणाऱ्या कंपनीशी बांधलेला.

आपल्याला वाचवलं ते कायद्यापेक्षा आपल्या सवयीनं. आपण प्रीपेड माणसं. दोन वर्षांच्या करारावर सही करायची आपली तयारी नव्हती, म्हणून कंपन्यांनाही आपल्याला उधारीवर फोन देण्यात रस नव्हता. फोनची किंमत आणि बोलण्याची किंमत आपल्याकडे वेगळी राहिली, आणि फोनच्या किमती खाली येत गेल्या. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली, आणि मोकळ्या फोनला मोकळा नंबरही मिळाला.

इतर देशही पुढे याच दिशेनं गेले. कॅनडातल्या कंपन्यांनी २०१६ या एका वर्षात नुसती किल्ली देण्याचे ३ कोटी ७७ लाख डॉलर जमवले होते. तिथल्या नियामकानं १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन बिनकुलपाचेच विकायचे आणि जुन्यांची किल्ली फुकट द्यायची असा नियम केला. जपाननं ऑक्टोबर २०२१ पासून सिम-लॉकला तत्त्वतः बंदी घातली. ब्रिटनमध्ये १७ डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद फोन विकायला मनाई झाली. ब्रिटनच्या नियामकाला असं आढळलं होतं, की कंपनी बदलायचा विचार सोडून देणाऱ्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक केवळ या कुलपामुळे थबकले होते. किल्लीचे दहा पौंड फार नव्हते. पण कोड मागवा, वाट बघा, तो चालेल की नाही याची धाकधूक, यातच माणूस थकतो. थकलेलं गिऱ्हाईक हीच कित्येक कंपन्यांची मिळकत असते.

मग उधारीचं काय? कॅनडा-ब्रिटनमध्ये कंपन्या आजही हप्त्यांवर फोन देतात. हप्ता थकला तर त्या करारानुसार वसुली करतात, जशी कुठल्याही कर्जाची होते. म्हणजे वसुलीसाठी कुलूप हवंच, हे म्हणणं टिकलं नाही. आणि मक्ता? फोन कुठंही चालणार असेल, तर एकट्यानं विकण्याच्या मक्त्यात दम राहत नाही. म्हणूनच कंपन्या मक्त्यापेक्षा कुलपासाठी जास्त कडाडून भांडल्या.

आपल्यासाठी ही गोष्ट संपलेली नाही. हप्त्यावर फोन घ्यायची पद्धत आता आपल्याकडेही घरोघरी पोचली आहे, आणि हप्ता चुकला की दुरूनच फोन बंद पाडणारी सॉफ्टवेअर्स निघाली आहेत. हे नवं कुलूप जुन्यापेक्षा कडक आहे. जुनं कुलूप म्हणायचं, दुसऱ्याकडे जाऊ नकोस. नवं म्हणतं, पैसे दे, तोवर बोलूच नकोस. ज्या माणसाचं रोजचं काम फोनवर येतं, सामान पोचवणारा, रिक्षा चालवणारा, रोजंदारीवर जाणारा, त्याचा फोन बंद पाडून हप्ता कसा वसूल होणार? सुताराची करवत जप्त करून त्याच्याकडे पैसे मागण्यासारखंच आहे हे.

म्हणून दोन-तीन साध्या गोष्टी सांगतो. परदेशातून कुणी फोन आणणार असेल, तर ‘अनलॉक्ड आहे ना?’ एवढं आधी विचारा. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडा. तिथं ‘कॅरिअर लॉक’ या ओळीपुढं कोणतंही बंधन नाही असं लिहिलेलं असलं, की फोन मोकळा. हप्त्यावर फोन घेताना व्याज विचारतो, तसं हेही विचारा, की हप्ता चुकला तर फोन बंद पडणार का, किती दिवसांनी, आणि शेवटचा हप्ता भरल्यावर ते सॉफ्टवेअर कोण काढून देणार. उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. आणि बाजारात अगदी स्वस्तात मिळणारा फोन बघितला, की त्याची किंमत दोन वर्षांच्या बिलांसकट मांडून पाहा. बेल्जियम आणि अमेरिकेतला फरक तिथंच उलगडतो.

कर्ज देणाऱ्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, यात वाद नाही. कवीचा त्याच्या शब्दांवर हक्क आहे आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा त्याच्या कामावर, यातही नाही. पण पैसे फिटल्यावर वस्तू कुणाची, याचं उत्तर कायद्यानं एका ओळीत आणि सगळ्यांना कळेल अशा भाषेत दिलं पाहिजे. माझ्या बहिणीनं विचारलेला प्रश्न एका ओळीचाच होता. बऱ्याच देशांना त्याचं उत्तर द्यायला दहा-पंधरा वर्षं लागली.